संस्काराचें मोल

संस्कार म्हणजे असलेला दोष काढणें व नवा गुण घालणें, असें आम्ही संस्कृताच्या तासाला पस्तीस वर्षें सांगत आलों. पण नवा गुण घालतांना जुना किती खर्ची पडतो, हाही प्रश्न त्यांत आहेच. त्याचें स्पष्ट उत्तर आम्हांस रसायनशास्त्रांत सांपडलें. आमची पुतणी कार्बनच्या अतिसूक्ष्म नलिकांवर संशोधन करते. तिनें समजाविलें तें वाचकांपुढें ठेवतों.

१९९१ सालीं जपानांतील सुमिओ इइजिमा यांच्या निबंधामुळें या नलिकांकडे जगाचें लक्ष वेधलें. ग्राफाइटच्या एकाच पापुद्र्याची सुरळी करावी, तशी एकपदरी नलिका असते. तिचा व्यास सुमारें एक नॅनोमीटर, म्हणजे मिलिमीटरचा दहा लक्षांवा भाग. वजनाच्या मानानें ती पोलादाहून कितीतरी बळकट. कांहीं जाती विजेच्या उत्तम वाहक. परंतु या नलिका एकमेकींस चिकटून जुड्या बांधतात आणि पाण्यांत मिसळत नाहींत.

यावर एक उपाय तीव्र आम्लांचा. नायट्रिक व सल्फ्यूरिक आम्लांच्या मिश्रणांत नलिकेच्या टोकांशीं व जाळीच्या दुबळ्या जागीं ऑक्सिजनयुक्त गट बसतात. मग ती पाण्यांत मिसळते, इतर रेणूंशीं पक्की जोडतां येते. मात्र भिंतींतील प्रत्येक कार्बन-अणु तीन शेजाऱ्यांशीं बांधलेला असून त्याचा चौथा इलेक्ट्रॉन सर्वांचा सामाईक असतो. वीज वाहते ती त्याच्याच योगें. भिंतीवरील नवा बंध तो इलेक्ट्रॉन अडकवून ठेवतो. असे बंध फार झाले कीं वाहकता खालावते.

दुसरा उपाय सौम्य. पायरीनसारखे चपटे रेणू भिंतीस नुसते बिलगतात, अथवा साबणासारखें द्रव्य तिला वेढतें. २००२ सालीं अमेरिकेंतील राइस विद्यापीठांत अशा द्रव्यानें सुट्या केलेल्या नलिकांतून, जुडींत न दिसणारा अवरक्त प्रकाश बाहेर पडतांना आढळला. या रीतींत मूळ जाळी अभंग राहते. पकड मात्र पहिल्याइतकी पक्की नसते. म्हणून कार्य पाहूनच रीत निवडावी लागते.

हें मनांत घोळण्याचें कारण घरचेंच आहे. आमचा सहा वर्षांचा नातू डावखुरा. त्याचा हात बदलावा कीं नाहीं, यावर घरांत वाद चालू आहे. पंक्तींत उजव्या हातानें जेवावें, हें त्यास गोडीनें शिकवितां येईल. पण त्याचीं सुबक अक्षरें डाव्या हातांतून उमटतात. तीं मोडून मिळणारा गुण आम्हांस फार महाग वाटतो.