सही कोणाची?

गुरुवार, रात्री उशिरा

विभागातली दोघं आज एकत्र येऊन सांगून गेली, आमचं जमलंय. मला मनापासून आनंद झाला. दिवसाचा मोठा भाग जिथे जातो, तिथेच माणसं एकमेकांना आवडणार. त्यात लपवण्यासारखं काय?

पण तो तिचा टीम लीडर. तिची रजा, अप्रेझल, पगारवाढ त्याच्या सहीवर अडलेली. हे उद्याच बदलायला हवं. आणि हलवायचं तर त्याला. अशा वेळी बदली बाईचीच होते, हे मी फार पाहिलंय. मला ते अजिबात मान्य नाही.

२०१३चा कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा कायदा प्रेमाच्या आड येत नाही; तो नकोशा वागण्याविषयी आहे. १० किंवा अधिक कर्मचारी असतील तिथे अंतर्गत समिती लागते, तीही त्यासाठीच. राजीखुशीच्या नात्याची चौकशी लावणं मला चुकीचंच वाटतं. मात्र कालचा होकार आजही असेलच असं नाही. उद्या तिने नातं तोडलं आणि त्याचे मेसेज थांबले नाहीत, तर तक्रारीला साधारण ३ महिन्यांची मुदत असते, हे तिला ठाऊक हवं. आनंदाच्या दिवसांत हे बोलणं जड जाईल. तरी दोघांशी बोलेनच. कँटीनमधल्या कुजबुजीला मात्र माझ्याकडून एक शब्दही मिळणार नाही.