रोग पखालीला, औषध रेड्याला

जो मोटार बाळगतो त्यास तिच्या अंतरंगाचीही माहिती असते, असा एक लोकभ्रम आहे. आमच्यापुरता तो किती निराधार आहे, हें एका वैशाखांत खंबाटकीच्या घाटांत सिद्ध झालें. आईस बरोबर घेऊन आम्ही पुण्याहून साताऱ्यास चाललों होतों. ऐन चढावर उष्णतेचा कांटा तांबड्या रेघेस भिडला आणि बॉनेटखालून वाफ येऊं लागली. आम्ही रेडिएटरचें झांकण उघडण्यास धांवलों, तोंच मागून आलेला एक ट्रकवाला ओरडला, "अहो काका, हात लावूं नका, तोंड भाजेल!" तासभर सावलींत बसून, गाडी निवाल्यावर पाणी घालून, आम्ही कसेबसे साताऱ्यास पोहोंचलों.

दुसऱ्या दिवशीं गाडी एका गॅरेजांत नेली. तेथील तरुण कारागिरानें इंजिन तापवून कूलंटच्या बाटलींत डोकावून पाहिलें; आंत बुडबुडे येत होते. "हेड गॅस्केट गेलंय. हेड उतरावं लागेल. पंचेचाळीस हजार धरून चाला," असा त्यानें उभ्याउभ्याच निकाल दिला. सिलिंडर आणि त्यांवरील हेड यांच्यामधील सांधा बंद ठेवणारी जी पातळ पट्टी, तें गॅस्केट. ती फुटली कीं ज्वलनाचे वायु पाण्यांत शिरतात व बुडबुडे उठतात, हें खरें आहे. आम्हीं गंभीरपणें मान डोलाविली. न डोलावितों तर आमचें अज्ञान उघडें पडलें असतें, आणि अज्ञान झांकण्यासाठीं मनुष्य पुष्कळ किंमत देण्यास तयार असतो. येथें ती किंमत म्हणजे आईच्या मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेसाठीं बाजूस ठेवलेली रक्कम होती.

घरीं येऊन हें सांगतांच आईनें विचारलें, "अरे, पण त्यानं तपासलं काय? माझ्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी सुद्धां आधीं थेंब घातले, दिवा लावून पाहिलं, मग मोतीबिंदू म्हटलं. यानं काय पाहिलं?"

या प्रश्नास आमच्याजवळ उत्तर नव्हतें. म्हणून आमच्या यजमानांच्या ओळखीच्या एका वृद्ध मिस्त्रींकडे आम्ही गेलों. त्यांनीं प्रथम गाडी पूर्ण निवूं दिली. इंजिनाच्या तेलाची पट्टी काढून दाखविली. पाणी मिसळून तेल दुधाळ झालेलें नव्हतें. मग नळींतील एक निळें द्रावण रेडिएटरच्या तोंडाशीं धरून त्यांनीं इंजिन चालविलें. ज्वलनाचा वायु आंत असता तर तें पिवळें पडलें असतें. तें निळेंच राहिलें. शेवटीं त्यांनीं रेडिएटरचें झांकण एका हातपंपास जोडून दाब दिला. कांटा वर चढला आणि तत्काळ खालीं आला. "हा तुमचा चोर," ते म्हणाले. झांकणाची स्प्रिंग ढिली झाली होती व रबर फाटलें होतें.

हें झांकण म्हणजे स्वयंपाकघरांतील कुकरच्या शिट्टीचें भावंड. समुद्रसपाटीस पाणी १०० अंशांवर उकळतें; महाबळेश्वरासारख्या सुमारें १,३५० मीटर उंचीवर तें ९५-९६ अंशांवरच उकळूं लागतें. परंतु झांकणानें आंतील दाब बाहेरच्या हवेच्या सुमारें दुप्पट राखला, तर १२० अंशांपर्यंत तें उकळत नाहीं, आणि कूलंट मिसळलेलें असेल तर त्याहूनही पुढें जातें. दाब गेला कीं पाणी उकळून बाटलींत येतें. त्या तरुणानें पाहिलेले बुडबुडे ते हेच. नवें झांकण तीनशें रुपयांस मिळालें.

मिस्त्रींनीं आम्हांसही सोडलें नाहीं. बाटलींतील गढूळ तांबूस पाणी दाखवून त्यांनीं विचारलें, "हें नळाचं पाणी कोण घालतं?" दोन वर्षें तें आम्हीच घालीत होतों. त्यांतील क्षार आंत बसतात, धातु गंजतो, हें आम्हांस कोणी सांगितलें नव्हतें. कारण आम्हीं कोणास विचारलेंच नव्हतें.

पाण्याची पखाल वाहणाऱ्या रेड्यास रोग झाला असतां औषध पखालीस द्यावें, अशी आपल्याकडे म्हण आहे. आमच्या बाबतींत ती उलटली होती: रोग पखालीला होता आणि चिरफाड रेड्याची व्हावयाची होती. तो तरुण लबाड होता, असें मात्र आम्ही म्हणणार नाहीं. कदाचित् बुडबुडे दिसतांच त्याची खात्री पटली असेल. लबाडी आणि उतावळी खात्री यांतील भेद गिऱ्हाइकास बाहेरून दिसत नाहीं, आणि खिशास तर दोन्ही सारख्याच. त्या दोहोंवर उतारा एकच: "हें आपणांस कशावरून कळलें?" असें विचारणें. ज्यास खरोखर कळलेलें असतें, तो या प्रश्नानें रागावत नाहीं. उलट बाही सारून दाखवूं लागतो.

आईच्या डोळ्याची शस्त्रक्रिया ठरल्या दिवशीं झाली. त्या दिवशीं डॉक्टरांना पहिला प्रश्न आम्हीं विचारला, आणि त्यांनीं तो आनंदानें ऐकून घेतला.