मलप्रभेच्या उगमाशी एक दिवस

जत्रेला किंवा तीर्थयात्रेला आपण सारे मिळून जातो. परंतु वर्षातून एखादा दिवस मनुष्याने एकट्यानेच पायी भटकावयास जावे, असे आमचे जुने मत आहे. त्या मताला गेल्या आश्विनात एक पुरवणी जोडावी लागली. तीच आज वाचकांपुढे ठेवतो.

पहाटेची मिस्सा आटोपून, शिदोरी व पाण्याची बाटली घेऊन आम्ही जांबोटीमार्गे चोर्ल्याकडे जाणाऱ्या बसमध्ये बसलो आणि कणकुंबीस उतरलो. खानापूर तालुक्यातील हे डोंगराळ गाव म्हणजे मलप्रभा नदीचे माहेर. उगमाशी माउली देवीचे देऊळ आहे. तेथील इवलासा झरा पाहून कोणास खरेही वाटणार नाही, की हेच पाणी पूर्वेकडे सुमारे ३०० किलोमीटर वाहत जाऊन कूडलसंगम येथे कृष्णेला मिळते व तिच्यासंगे बंगालच्या उपसागरास पोहोचते. याच परिसरात उगम पावणारा कळसा नाला मात्र महादयीला मिळतो. तीच पुढे गोव्याची मांडवी होते व अरबी समुद्रास जाते. एकाच डोंगरावर पडलेला पाऊस, पण त्याच्या वाटा दोन!

गावाबाहेरच्या पायवाटेने आम्ही जांभ्या दगडाच्या सड्यावर चढलो. गवतात सोनकीची पिवळी फुले डोलत होती. खाली हिरडा, जांभूळ व अंजनीचे दाट रान पसरले होते. एका खडकावर बसून जपमाळ म्हटली, भाकरी खाल्ली. पुष्कळ दिवसांत लाभली नव्हती अशी शांती त्या वेळी लाभली.

तिसऱ्या प्रहरी कोकणाच्या अंगाने ढग वर चढले आणि पाहता पाहता सडा धुक्यात बुडाला. गुरांच्या वाटा सगळ्या सारख्याच दिसू लागल्या. मोबाईलला रेंज नव्हती. रानात अस्वलांचा वावर असतो, हे ठाऊक होते. तासभर आम्ही जागच्या जागी बसून राहिलो. अखेर म्हशींच्या गळ्यातील घाटांचा आवाज आला व मागोमाग एक वृद्ध गवळी दिसला.

"पावणं, एकलंच आलासा? घरात सांगून तरी आलासा काय?" त्याने विचारले.

आम्ही निरुत्तर झालो. निघताना सेवकाला केवळ "संध्याकाळी येतो" एवढेच सांगितले होते.

त्या भल्या माणसाने आम्हांस रस्त्यापर्यंत आणून सोडले. घरी पोहोचावयास रात्रीचे आठ वाजले. दारात माणसे ताटकळत उभी होती. एका आजारी आजीबाईंसाठी दुपारपासून बोलावणे येत होते आणि आम्ही कोठे आहोत, हे कोणासही सांगता येत नव्हते. तसेच धावलो. आजीबाई शुद्धीवर होत्या. आजाऱ्यांच्या अभ्यंगाचा संस्कार त्यांना देता आला. त्या एवढेच पुटपुटल्या, "आलात, फादर?" पहाटे त्या प्रभूकडे गेल्या. आणखी थोडा उशीर झाला असता तर, हा विचार आजही आमची झोप उडवतो.

प्रभू येशू लोकसमुदायास निरोप देऊन डोंगरावर एकांती प्रार्थनेस गेला, असे मत्तयच्या शुभवर्तमानात आहे. परंतु शिष्यांची होडी लाटांत सापडली, तेव्हा तो त्यांच्याकडे आला. त्याचा एकांत शिष्यांस विसरण्यासाठी नव्हता.

तरुणांनो, डोंगरावर अवश्य जा, एकटेही जा. मात्र कोणत्या वाटेने जाणार व केव्हा परतणार, हे घरी सांगून जा. पाणी जवळ ठेवा, अंधारापूर्वी रस्त्याला लागा. जवळच्या भीमगड अभयारण्यात वनखात्याच्या परवानगीवाचून पाऊल टाकू नका.

आमच्या दाराशी आता एक पाटी टांगली आहे. बाहेर पडताना ठिकाण व परतण्याची वेळ आम्ही तीवर खडूने लिहितो. येत्या आश्विनात तीवर पुन्हा 'कणकुंबी' असे लिहावयाचे आहे. त्या गवळीबाबांना भेटून, यंदा सांगून आलो आहोत, हे त्यांच्या कानी घालावयाचे आहे.