वजन गेलं कुठं?

सहावीच्या विज्ञानात साधी यंत्रे शिकवायची असतात. कप्पी म्हटलं की मुलं विहीर सांगतात, झेंड्याचा खांब सांगतात आणि विषय तिथंच संपतो. यंदा मी कप्पी शिकवली ती आमच्या दादाच्या वर्कशॉपमुळे.

दादाकडे जुना लेथ आहे. त्याचा मोठा चक पन्नास किलोच्या आसपास भरतो. तो काढायचा-चढवायचा म्हणजे बेडवर फळी टाकून, दोघांनी वाकून, बोटं सांभाळत. शेजारच्या शेडमधल्या एकाचं बोट असंच चिरडलं, तेव्हा वहिनीने बजावलं, आता हाताने चक उचलायचा नाही. दादाने लगेच उपाय काढला : छताच्या अँगलला कप्पी टांगू, दोरी ओढू.

मी कागद घेतला. एकाच स्थिर कप्पीवरून 50 किलो उचलायचे तर दुसऱ्या बाजूने तेवढाच जोर लावावा लागतो. म्हणजे कप्पीच्या हुकावर 50 अधिक 50, शंभर किलोचा भार. घर्षण वेगळंच. पत्र्यापुरता लावलेला अँगल तो कसा पेलणार?

"पन्नासाचे शंभर? मास्तर, तुझा हिशोब पुस्तकातला!"

"अरे, दोरीच्या दोन्ही बाजू कप्पीला खालीच ओढतात ना?"

दादा वर बघत राहिला. मग छताचा विषय त्याने परत काढला नाही.

आम्ही लोखंडी घोडी केली. दोन्ही टोकांना इंग्रजी ए अक्षरासारखे पाय, ते फाकू नयेत म्हणून आडवे अँगल, वर चार इंची आय-बीम. वेल्डिंग सगळं दादाचं. उचलायची कप्पीसुद्धा घरीच करू म्हणत होता, तिथे मात्र मी अडून बसलो. दोरीचे चार पदर केले तर 50 किलोला साधारण साडेबारा किलोचा जोर पुरतो, हे खरंच. पण हातातून दोरी सुटली की चक खाली! चेन ब्लॉकला आत ब्रेक असतो, साखळी सोडली तरी वजन जागच्या जागी राहतं. घोडी घरी करावी, ब्रेक विकत आणावा, असं माझं मत. एक टनाचा ब्लॉक आणला. आधी दीडशे किलो वाळूची पोती जमिनीपासून वीतभर उचलून टांगून ठेवली आणि चहाला गेलो. घोडी हलली नाही. मगच चक.

मुलांना तिथे नेलं नाही. टांगलेल्या वजनाजवळ पोरं नकोतच. वर्गात दोन ताणकाटे, एक कप्पी आणि पाण्याची बादली आणली. कप्पीसकट बादली चार किलो. दोरीचं एक टोक खिडकीच्या गजाला बांधलं, बादली टांगलेली कप्पी दोरीच्या झोळात ठेवली, दुसरं टोक ताणकाट्याला. काटा दोनच्या थोडा पुढे.

"सर, अर्धं वजन गेलं कुठं?"

मी काही बोललो नाही. दुसरा ताणकाटा गज आणि दोरी यांच्या मधे अडकवला. तिथेही जवळपास दोन! मग पोरांनी पट्टीने मोजलं : बादली 20 सेंटिमीटर वर जायला दोरी 40 सेंटिमीटर ओढावी लागली.

मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "सर, मग चार कप्प्या लावल्या तर आठपट दोरी लागंल का?"

"कप्प्या नको मोजू. वजन पेलणारे दोरीचे पदर मोज."

ती उठून बादलीपाशी गेली आणि बोटाने पदर मोजायला लागली.