दारातली फरशी

आमच्या फ्लॅटचं दार उघडलं की समोर साडेचार बाय साडेतीन फुटांचा एक तुकडा आहे. बिल्डरच्या ब्रोशरमध्ये त्याला ‘फॉयर’ असं भारदस्त नाव होतं. प्रत्यक्षात तिथे चपलांचं कपाट, एक स्टूल आणि पावसाळ्यात ठिबकणाऱ्या तीन छत्र्या असतात. खाली फरशी बाकी घराला आहे तीच. दोन बाय दोनची, पांढरट, आरशासारखी चकचकीत व्हिट्रिफाइड. पुण्यातल्या निम्म्या फ्लॅट्समध्ये हीच असावी.

मार्चमध्ये आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि जूनपासून ती आमच्याकडे राहणार असं ठरलं. फिजिओथेरपिस्ट बाई घर बघायला आल्या. मला वाटलं आधी बाथरूम बघतील. त्या दारातच थांबल्या, चप्पल काढली, पायाच्या अंगठ्याने फरशी घासून पाहिली आणि म्हणाल्या, "पहिलं हे बदला. पावसाळ्याच्या आत."

मग काय, दोन वीकेंड टाइल्सच्या दुकानांत गेले. तिथे ‘ओल चालेल अशी फरशी दाखवा’ म्हटलं की एकच उत्तर मिळतं : "सगळं वॉटरप्रूफच आहे साहेब!" गंमत म्हणजे हे खोटं नाही. चांगली व्हिट्रिफाइड टाइल स्वतःच्या वजनाच्या अर्धा टक्का किंवा त्याहून कमी पाणी पिते. भिंतीच्या साध्या सिरॅमिक टाइल्स दहा टक्क्यांच्या वर पितात, म्हणून त्या खाली लावायच्या नसतात. म्हणजे ओलीने फरशी खराब होईल का, एवढाच प्रश्न असेल तर माझी आधीची चकचकीत फरशीही पास. पण न प्यायलेलं पाणी जातं कुठे? ते वर तसंच पडून राहतं, आणि त्यावर आपला पाय पडतो. दुकानात ‘फरशीला काय होईल’ याचं उत्तर मिळतं. मला ‘आईला काय होईल’ याचं हवं होतं.

याचंही माप असतं. जर्मनीत निघालेली एक चाचणी आहे. फरशीच्या उतारावर तेल ओततात, बूट घातलेला माणूस त्यावर चालवतात आणि उतार हळूहळू वाढवतात. तो कितव्या अंशाला घसरायला लागतो त्यावरून आर ९ ते आर १३ अशी श्रेणी. आर ९ म्हणजे जेमतेम सहा ते दहा अंश, आर ११ म्हणजे एकोणीस ते सत्तावीस. टाइलच्या खोक्यावर किंवा कॅटलॉगात हा आकडा बरेचदा छापलेला असतो, फक्त विचारावं लागतं.

आता यात एक गोची आहे. चाचणीतला माणूस बूट घालून चालतो. आपण दारात बूट काढतो! बाहेर चिखल, आत ओले अनवाणी पाय, आणि चप्पल काढताना तर आपण एका पायावर उभे असतो. अख्ख्या घरात तोल जाण्याची सगळ्यात जास्त शक्यता असलेली जागा हीच. अनवाणी पायांसाठी वेगळी चाचणी आहे, साबणाच्या पाण्यावरची. तिच्या श्रेणी ए, बी आणि सी. ती मुख्यतः स्विमिंग पूल, शॉवर असल्या जागांसाठी वापरतात. माझ्या मते मराठी घराच्या दाराला हीच लागू पडते. ‘आर ११ आणि अनवाणी बी’ अशी रिक्वायरमेंट घेऊन मी दुकानांत फिरलो. तीन दुकानदारांनी माझ्याकडे ‘आयटीवाला दिसतोय’ अशा नजरेने पाहिलं. चौथ्याने मोरबीच्या एका कारखान्याचं कॅटलॉग उघडून बोट ठेवलं.

बाकीचे पर्याय झटपट सांगतो. लॅमिनेट दारात नकोच. त्याचा गाभा दाबलेल्या लाकडी भुशाचा. सांध्यातून पाणी गेलं की कडा फुगतात आणि परत बसत नाहीत. हल्ली एसपीसी खूप विकतात. दगडाची भुकटी आणि पीव्हीसी, त्यामुळे फळी फुगत नाही हे खरं, पण फटीतून खाली गेलेलं पाणी तिथेच कुजत बसतं. कोटा मला मनापासून आवडतो. स्वस्त, पायाला गार आणि पॉलिश न केलेला असेल तर पकडही छान. पण तो चुनखडीचा दगड. बाथरूमचं ॲसिड एकदा सांडलं की डाग कायमचा. आमच्याकडे लादी पुसायला येणाऱ्या मावशींचा ॲसिडवर गाढ विश्वास आहे, त्यामुळे कोटा बाद. आई मात्र "शहाबादी घाल" म्हणत होती. साताऱ्याच्या घरात पडवीला तीच आहे, ओबडधोबड, आणि पन्नास वर्षांत तिथे कुणी घसरल्याचं तिला आठवत नाही. म्हातारी तेच सांगत होती जे जर्मन लोक अंशांत सांगतात :-)

शेवटी एक बाय एकची, करड्या रंगाची, मॅट व्हिट्रिफाइड घेतली. लहान टाइल मुद्दाम, कारण सांधे जास्त आणि सांध्यांचीही पकड मिळते. पण सांधे जास्त म्हणजे पाणी आत शिरायच्या जागाही जास्त, म्हणून साध्या सिमेंटच्या ग्राउटऐवजी इपॉक्सी. मिस्त्री यावर नाराज होता. इपॉक्सी लवकर धरतं, भराभर पुसून काढावं लागतं. जुन्या टाइलवरच नवी चिकटवू, असा त्याचा आग्रह होता. पण तसं केलं तर हॉलच्या कडेला बोटभर पायरी झाली असती. वॉकर घेऊन चालणाऱ्या माणसाला अशी पायरी म्हणजे सापळाच. फोडायला लावलं. खालच्या मजल्यावरच्या काकांना आधी जाऊन सांगून आलो. लावल्यावर प्रत्येक टाइल नाण्याने वाजवून पाहिली. दोन बद्द वाजल्या, त्या काढायला लावल्या. पोकळीत पाणी साठतं.

अडलं ते उंबरठ्यावर. लॉबी धुतात तेव्हा पाणी दाराखालून आत येतं, ते अडवतो तो उंबरठाच. फिजिओवाल्या बाईंना तो नको होता, वॉकरची चाकं अडतात. आईला हवाच होता. "उंबरठ्याशिवाय घर असतं का रे? आणि मी हळदकुंकू कशाला लावू, तुझ्या टाइलला?" फोनवर बराच वेळ हे चाललं. मग ती एकदम गप्प झाली आणि म्हणाली, "तू काढ. परत पडले तर तुमच्याच्याने होणार नाही." हे ऐकल्यावर काढणं शक्यच नव्हतं.

मिस्त्रीनेच मार्ग काढला. ग्रॅनाइटची पट्टी, दहा मिलिमीटर उंच, दोन्ही कडा उतरत्या घासलेल्या. बाहेरच्या अंगाला लॉबीकडे किंचित ढाळ. लॉबीत दोन बादल्या ओतून पाहिल्या, पाणी आत आलं नाही. शेजाऱ्याकडून वॉकर मागून आणून बायकोने चालवून पाहिला. चाक जरासं थबकतं, मग चढतं.

आई चौदा जूनला येतेय. छत्र्यांचं काय करायचं ते अजून ठरलेलं नाही. तूर्तास एक बादली ठेवलीय.