तेव्हा तिथं कोण कोण होतं?

आमच्या हायस्कूलची तक्रारपेटी माझ्या ताब्यात आली, तेव्हा तिच्यात चॉकलेटचे कागद आणि 'खिचडीत मीठ कमी' अशी एक चिठ्ठी होती. पेटी मुख्याध्यापकांच्या दारासमोर, कॅमेऱ्याच्या बरोबर खाली. तिथं चिठ्ठी टाकायची म्हणजे अख्ख्या शाळेदेखत. २०२२ च्या शासन निर्णयाप्रमाणे मुलांच्या सुरक्षिततेसाठी सखी सावित्री समिती झाली होती, सदस्यांची नावं फलकावर रंगवली होती. मुलांचं मात्र आमच्यापर्यंत काहीच पोचत नव्हतं.

म्हणून मी सातवीला शाळेचा नकाशा काढायला लावला. जिथं जायला नको वाटतं तिथं लाल फुली मारा, स्वतःचं नाव घालू नका. वर्गांवर फुल्या थोड्याच होत्या. सायकल स्टँड, मुतारी आणि पाण्याच्या टाकीमागची जागा मात्र लाल झाली होती. कुणीतरी समासात एसटी काढून तिच्या शेवटच्या सीटवर फुली मारली होती. जिथं शिक्षक नसतात, नेमक्या त्या जागा.

टाकीपाशी मधल्या सुट्टीत थांबू लागल्यावर उलगडा झाला. बीडकडून ऊसतोडीच्या टोळीबरोबर आलेला एक मुलगा कारखान्याजवळच्या खोपीत राहायचा. तो 'मपलं' म्हणतो म्हणून पोरांनी त्याचं नाव 'मपल्या' पाडलेलं. तो पाण्याला आला की एकजण त्याची नक्कल करी, दप्तर या हातातून त्या हातात जाई आणि भोवतीचा घोळका खिदळे.

"दोघांना समोरासमोर उभं करा, सॉरी म्हणायला लावा," शिक्षकखोलीत सल्ला मिळाला. पण समोरासमोर तो मुलगा "काही नाही मॅडम, मस्करी करतेत" एवढंच म्हणणार आणि शाळा सुटल्यावर त्याचा हिशेब चुकता होणार. भांडण दोघांचं असेल तर समेट चालतो. घोळक्यापुढं एकटा असेल तर समेट कसला?

फिनलंडच्या तुर्कू विद्यापीठात क्रिस्टिना साल्मिवाल्ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उभारलेल्या 'किवा' या शालेय कार्यक्रमाबद्दल मी वाचलं होतं. त्यांचा भर बघ्यांवर आहे. छळणाऱ्याला वर्गात भाव मिळतो तो हसणाऱ्यांमुळं. ते बाजूला झाले की त्याचा खेळ रंगत नाही.

आधी त्या मुलाला पुस्तकं लावायला म्हणून ग्रंथालयात बोलावलं. त्यानं एकच मागणं मागितलं : "बापाला सांगू नका मॅडम, शाळा बंद करील." मग हसणाऱ्यांना एकेकटं बोलावलं. कुणावर आरोप केला नाही. त्याला त्रास होतोय हे दिसतं का आणि तुला काय करता येईल, एवढंच विचारलं. एक मुलगी म्हणाली, "मी त्याला आमच्याबरोबर पाण्याला नेते." एकजण म्हणाला, "मी हसणार नाही, पण अडवणारपण नाही. तो मला धरील." मी म्हटलं, तेवढं पुष्कळ झालं. नक्कल करणाऱ्याला वर्गशिक्षकांनी वेगळं बसवून हे बंद व्हायलाच हवं असं स्पष्ट बजावलं आणि दर आठवड्याला पुन्हा विचारत राहिले.

टाकीजवळचा तमाशा ओसरला. 'मपल्या' ही हाक अधूनमधून यायची, पण तिच्यामागून हशा येत नव्हता. हंगाम संपून पट्टा पडल्यावर टोळी परत गेली, तेव्हा त्याच्या बापानं दाखला मागायला येऊन पोराचं प्रगतिपुस्तकही मागून घेतलं.

हा उपाय सगळीकडं लावायचा नाही, हे आम्ही समितीत लिहून ठेवलं आहे. अंगाला नको तसा हात लावणं किंवा मोबाइलवर तसले फोटो फिरवणं, अशा गोष्टींत मुलांना विचारत बसायचं नसतं. तिथं पोक्सो कायद्याप्रमाणे पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे आणि १०९८ हा हेल्पलाइन क्रमांक मुलांना पाठ हवा.

पेटी आता ग्रंथालयाच्या आतल्या भिंतीवर आहे. टाकी आणि सायकल स्टँडवर शिक्षकांची पाळी लागते. चिठ्ठी आली की 'कुणी केलं?' याच्याबरोबरच आम्ही विचारतो, 'तेव्हा तिथं कोण कोण होतं?' कामाला सुरुवात त्या यादीपासून होते.