गिरवता गिरवता चित्रकथा

चित्रकथा काढायला मी शिकले ते ‘अमर चित्रकथा’ची पानं गिरवून. अनंत पै यांनी 1967 साली सुरू केलेल्या या मालेतला, राम वाईरकरांनी चितारलेला ‘कृष्ण’ माझ्या टेबलावर कायम उघडा असे.

आधी बटर पेपर ठेवून नुसती रेषा उतरवून घेतली. मग तीच रेषा निबने शाईत. निब खाली ओढताना दाब दिला की तिची टोकं फाकतात आणि रेषा भरते. वळणावर हात हलका केला की ती बारीक होत जाते. खांद्यावरून सुटलेल्या शेल्याची एक घडी जमेपर्यंत कागदामागून कागद गेले, पण हात वळला.

पुढचा धडा बटर पेपर बाजूला ठेवल्यावर मिळाला. एक पान नीट न्याहाळायचं, अंक मिटायचा आणि कोऱ्या कागदावर आठवेल तसं ते उभं करायचं. मग दोन्ही पानं शेजारी ठेवायची. चित्रकाराने काय काढलं यापेक्षा काय गाळलं, ते अशा वेळी नजरेत भरतं. गर्दीतली मागची माणसं दोन-चार रेषांत उरकलेली असतात, म्हणून तर डोळा थेट पुढच्या चेहऱ्यावर जातो. संवादाच्या फुग्यांची जागाही चित्राआधी ठरवावी लागते. आपण डावीकडून उजवीकडे वाचतो, त्यामुळे जो आधी बोलणार त्याचा फुगा आधी यायला हवा आणि त्या हिशेबानेच पात्रं उभी करायला हवीत.

वाईरकरांनीच ‘टिंकल’ या मुलांच्या नियतकालिकात गमतीदार सुप्पंडी काढला. कृष्ण आणि सुप्पंडी लागोपाठ गिरवले तेव्हा शैलीबद्दलची माझी समजूत पक्की झाली. हात एकच, पण एका गोष्टीला डौल हवा होता, दुसरीला गंमत. रेषा गोष्टीच्या मागून चालते.

नंतर चारुहास पंडित यांचा ‘चिंटू’ घेतला. 1991पासून ‘सकाळ’मध्ये येऊ लागलेल्या या छोट्या पट्ट्यांनी मला काटकसर शिकवली. गिरवून झाल्यावर मी एकेक चौकट हाताने झाकून पाही. कुठलीही झाकली तरी विनोद लंगडा पडे. मग स्वतःच्या पानालाही मी हीच कसोटी लावू लागले: जी चौकट झाकूनही गोष्ट कळते, ती काढून टाकायची.

गिरवणं म्हणजे चोरी, असं नवशिक्यांना कोणीतरी सांगून ठेवतं. त्यांनी ते मनावर घेऊ नये. आवडत्या चित्रकाराचं पान खुशाल गिरवा, खाली त्याचं नाव लिहा आणि ते सरावाच्या वहीतच राहू द्या. मात्र दर गिरवलेल्या पानामागे एक पान स्वतःच्या गोष्टीचं काढा, तुमच्या गल्लीतलं, तुमच्या माणसांचं. सराव त्याच पानासाठी करायचा असतो.